वर्णनाचा अभाव

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघे गेली अठरा वर्षे शिकवीत आहोत; प्रवास मात्र फारसा केलेला नाही. परीक्षा, मूल्यमापन, अधूनमधून एखादे चर्चासत्र आणि सुट्टीत नागपूरचा एक फेरा, एवढ्यात आमचा भूगोल संपतो. पतिपत्नी एकाच विभागात असली की रजाही एकत्र मिळत नाहीत, हे आणखी एक कारण. तरीही बुलढाण्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावी इतकी वर्षे राहून पैनगंगेचा उगम पाहिलेला नाही, हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो. महानुभाव गद्य शिकवताना मेहकर आणि लोणार ही नावे आम्ही किती वेळा उच्चारली असतील! पण मेहकरला जायचे ते पेपर तपासणीच्या केंद्रावर, आणि नदी ओलांडायची ती पुलावरून, गाडीची काच वर करून.

यंदा कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही ठरवून निघालो. उगमापासून मेहकरपर्यंत नदीच्या कडेकडेने, जमेल तेथे गाडीने, जमेल तेथे पायी, एका दिवसात जितके होईल तितके जावे असा बेत होता. त्या बेतामागे एक वही होती. तिच्याविषयी आधी सांगितले पाहिजे.

विभागातले जुने कपाट आवरताना २००९ सालच्या प्रथम वर्षाच्या गृहपाठांचा एक गठ्ठा हाती लागला. कसरीने कडा खाल्लेल्या होत्या. निबंधाचा विषय होता ‘माझ्या गावची नदी’. बहुतेक निबंध जसे असतात तसेच होते : खळखळणारे पाणी, हिरवीगार शेते, सोनेरी किरणे, शेवटी प्रदूषणावर एक परिच्छेद. त्यांना बारा, तेरा, चौदा असे गुण पडलेले. एका वहीला वीसपैकी सात होते. तिच्यावर लाल शाईत शेरा होता : ‘विषयांतर. वर्णनाचा अभाव. प्रमाण शब्द वापरावेत.’ अक्षर आमच्यापैकी कोणाचे, हे येथे सांगत नाही. त्या काळी आम्हां दोघांच्याही हातून तोच शेरा पडला असता.

निबंध दीड पानाचा होता. नदी गावाच्या दक्षिणेला आहे, असे पहिले वाक्य. नदीच्या अलीकडच्या काठाला आमचे वावर. वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यावर दोन बाभळी, त्यांतली एक वाकडी. पश्चिमेला विहीर, विहिरीपासून नदी चाळीस पावले. मग पुराची हकीगत. आधी वाकडी बाभूळ गेली, मग सरळ बाभूळ गेली, मग नदीकडचे बावीस तास गेले. शेवटचे वाक्य असे होते की आता विहिरीपासून नदी सव्वीस पावले आहे. निबंध तेथे संपत होता. ‘धुरा’ आणि ‘तास’ या शब्दांखाली लाल रेघ ओढून समासात ‘बांध’ आणि ‘सरी’ असे लिहून दिले होते. वऱ्हाडात जन्म घालवून वऱ्हाडच्या मुलाचा ‘धुरा’ आम्ही दुरुस्त केला होता.

वही वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. मुलाचे नाव आठवत होते, चेहराही अंधूक आठवत होता. दुसऱ्या वर्षानंतर तो दिसेनासा झाला होता. एका माजी विद्यार्थ्याकडून त्याचा क्रमांक मिळाला. फोन केला तेव्हा पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. ‘सर, या की. मॅडमलाबी आना. दुपारपर्यंत या, मंग मी मोकळा असतो,’ एवढेच तो म्हणाला. वहीविषयी आम्ही काही बोललो नाही.

सकाळी प्रथम उलट दिशेला, राजूर घाटाच्या माथ्यावर गेलो. बुलढाणा हे अजिंठ्याच्या रांगेवर बसलेले गाव आहे, हे पुस्तकात वाचलेले असते. पण घाटाच्या तोंडाशी उभे राहिल्याखेरीज त्याचा अर्थ कळत नाही. पायाखाली डोंगर एकदम तुटतो आणि मोताळा-मलकापूरकडची सपाटी धुक्यातून हळूहळू वर येऊ लागते. वऱ्हाडच्या जुन्या भूगोलात वरचा तो बालाघाट आणि खालचा तो पयानघाट. घाटाखाली कपाशी पांढरी होऊ लागलेली, घाटावर सोयाबीन पिवळे पडून सोंगणीला आलेले. उतारावरच्या सागांना फळांचे तुरे धरले होते, तेरडा संपत आला होता आणि कुसळी गवत दव पिऊन वाकले होते. वळणावर दोन पोरे पाटीत सीताफळे मांडून बसली होती. डोळे उघडलेली, म्हणजे दोन दिवसांत पिकणारी फळे त्यांनी निवडून दिली, आणि फळ दाबून पाहणाऱ्या आमच्या शहरी हाताला ‘दाबू नका, डोळे पाहा’ असा पाठही दिला.

या कड्यावर पाण्याची वाटणी होते. उत्तरेच्या उतारावरचे पाणी नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा या नद्यांतून पूर्णेला मिळते, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी पैनगंगेचे. ते वर्धेला, वर्धेतून प्राणहितेला, प्राणहितेतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. एकाच सरीचे दोन थेंब डोंगराच्या दोन अंगांना पडले तर पुन्हा त्यांची भेट नाही. वैनगंगेचे पाणी शेकडो किलोमीटर लांबीच्या कालव्याने नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली आहे. ती पुरी झाली तर पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी माणसाच्या हाताने पश्चिमेकडे वळेल. तोवर तरी हा कडा शब्द पाळून आहे.

खालच्या धूसर सपाटीकडे बोट करून आम्ही एकमेकांना सांगितले, त्या तिकडे मलकापूरच्या बाजूला कोठेतरी नरवेल. डॉ. वि. भि. कोलते यांचा जन्म १९०८ साली त्या गावी झाला. ‘लीळाचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’ आम्ही ज्यांच्या संपादनातून शिकलो आणि ज्यांच्या टीपांवर आमची व्याख्याने उभी राहिली, ते याच जिल्ह्यातले. हेही आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पण माहिती म्हणून सांगणे आणि बोटाने दाखवणे यांत किती अंतर असते ते त्या दिवशी प्रथम कळले.

तेथून मागे फिरून मढला गेलो. बुधनेश्वराच्या मंदिराजवळचे पाणी पैनगंगेचा उगम म्हणून दाखवतात. उगम म्हटल्यावर मनात जे चित्र असते त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही. दगडी बांधणीतले संथ पाणी, त्यात पडलेली बेलाची पाने, ओल्या पायऱ्या आणि काठावर कपडे सुकवणारी एक म्हातारी. तिला आम्ही विचारले, ‘आजी, नदी इथूनच निघते का?’ तिने आमच्याकडे कीव येऊन पाहिले. ‘निघते कुठली? हाये इथंच. पाऊस पडला की चालाया लागते.’ व्याख्या म्हणून हे वाक्य आमच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा सरस होते. आम्ही ते वहीत टिपून घेतले.

मढपासून तासभर ओढ्याच्या काठाने पायी गेलो. पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते. खडकाखडकांतून पाणी पातळ धारेने वाट काढीत होते. मध्येच दिसेनासे होई आणि वीस पावलांवर पुन्हा वर येई. धावडा आणि सालई यांच्या मधून उन्हाचे कवडसे पडले होते. पळसाची पाने तळहाताएवढी रुंद आणि अजून हिरवी. एका खडकावर खंड्या बसला होता. आम्ही थांबलो तेव्हा तो उडाला आणि पुढच्या खडकावर जाऊन आमची वाट पाहत बसला. असे चारपाच वेळा झाले. आमच्या वयाच्या माणसांना एवढ्याशा गोष्टीने इतका आनंद व्हावा, याचे आमचे आम्हांलाच नवल वाटले. शरदाचे आकाश कसे असते, हे दरवर्षी ऋतुवर्णनाच्या तासाला सांगताना आम्ही फळ्याकडे पाहत असतो. त्या सकाळी वर पाहिले. त्यात ढगाचा एकच तुकडा होता, आणि तोही कामावरून घरी निघाल्यासारखा.

पुन्हा गाडीत बसून येळगावच्या धरणावर आलो. बुलढाणा शहराच्या नळांना येणारे पाणी येथले. म्हणजे इतकी वर्षे आम्ही रोज सकाळी पैनगंगाच पीत होतो, आणि ती पाहायला मात्र आज आलो होतो. धरणाच्या भिंतीवरून चिखलीच्या बाजूचे खोरे उलगडत जाते. डोंगर मागे सरकतात, उतार सैल होतो आणि नदी डोंगराची मुलगी न राहता शेतांची शेजारीण होते. दोन्ही काठांना काळी जमीन, तिच्यावर सोयाबीनच्या सुड्या, सुड्यांवर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या. मधूनमधून हिरवीकंच तूर उभी. मळणीयंत्राला, इकडे ज्याला हडंबा म्हणतात त्याला, तोंड देऊन उभी असलेली माणसे धुळीने एकाच रंगाची झालेली. दूरवर कुटाराचा सोनेरी फवारा उडताना दिसे. गाडीतून पाहताना ते दृश्य फार देखणे होते. आमच्यातल्या एकीने गाडी थांबवून छायाचित्र घेतले, आणि त्याच क्षणी वारा फिरून ती धूळ उघड्या काचेतून आत आली. पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे खोकत होतो. त्या फवाऱ्यात माणसे दिवसाचे बारा तास उभी असतात.

येथे ‘बारोमास’ची आठवण होणे अपरिहार्य होते. सदानंद देशमुखांची ही कादंबरी याच मातीतली. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ती आमच्या वर्गांत पोहोचली. शिकूनसवरून नोकरीवाचून शेतात अडकलेल्या एकनाथावर आम्ही तळमळून बोललो आहोत. ग्रामीण वास्तव, शोकात्म जाणीव, बोलीचा वापर, असे मुद्दे फळ्यावर लिहिले आहेत. बोलीच्या वापराला कादंबरीत आम्ही सामर्थ्य म्हणत होतो, आणि त्याच वर्षांत गृहपाठाच्या वहीतल्या ‘धुऱ्या’खाली लाल रेघ ओढीत होतो. दोन्ही कामे एकाच टेबलावर चालत होती.

गावाच्या अलीकडे रस्ता नदीपासून दूर जातो. तेथे गाडी एका चिंचेखाली ठेवली आणि उरलेली वाट काठाने चाललो. गावाचे नाव येथे देत नाही, कारण त्या मुलाला ते आवडणार नाही. मुलगा कसला, पस्तिशीला आलेला गृहस्थ! काठावर अर्जुनाची मोठी झाडे होती; त्यांची मुळे दरडीतून बाहेर निघून पाण्यावर लोंबत होती. पलीकडच्या काठाला बेशरमीचे रान माजले होते आणि ते जांभळ्या फुलांनी भरून गेले होते. उथळ पाण्यात बगळे, वाळूवर मेंढरांच्या खुरांची नक्षी. एका ठिकाणी नदीचे पात्र एकदम रुंद झाले आणि त्याच्या मधोमध एक दगडी बुरूज उभा दिसला. पुरुषभर उंचीचा, गोल, वरून उघडा. आम्हांला वाटले एखाद्या जुन्या गढीचा अवशेष असावा. मेहकरकडे यादवकालीन बांधकामे आहेत, तशापैकी काहीतरी. आम्ही तशी चर्चाही सुरू केली.

तेवढ्यात तो दरडीवरून उतरून आला. डोक्याला उपरणे, पापण्यांवर भुसा. पाया पडायला वाकला, तेव्हा आम्ही त्याला धरले. ‘तो बुरूज कशाचा रे?’ हा आमचा पहिला प्रश्न.

‘बुरूज नोहे सर,’ तो म्हणाला. ‘आमची विहीर हाये ती.’

भोवतीची माती वाहून गेल्यावर विहीर तेवढी उभी राहिली होती. आजोबांनी बांधून काढलेला घेर पक्का निघाला. जमिनीच्या पोटात जे असायचे, ते उन्हात उभे होते. तिच्या आत आता गाळ होता आणि गाळात एक उंबराचे रोप उगवले होते. आम्ही तिला हात लावला. दगड उन्हाने तापलेले होते. विहिरीचा बाहेरचा दगड हाताला कोमट लागणे ही गोष्ट काही केल्या नीट वाटेना.

मग आम्ही पिशवीतून वही काढली. तो हसला, ओळखले त्याने. हात उपरण्याला पुसून त्याने पाने उलटली, शेऱ्यावर नजर टाकली, पण त्याविषयी बोलला नाही. वही हातात धरून तो विहिरीच्या कडेला उभा राहिला आणि दाखवू लागला. इथून आमचा धुरा. त्या बगळ्यापाशी वाकडी बाभूळ. तिच्यापासून अकरा पावलांवर सरळी. हे जे पाणी चमकते ते बावीस तास. त्यापलीकडे, त्या पुरानंतरच्या पुरात गेलेले आणखी. आबा दुपारी भाकर खात ते ठिकाण, ते पाहा, तिथे आता भोवरा पडतो. बैल बांधायचा खुंटा. आजीने लावलेला कडुनिंब. तो एकेक जागा दाखवत होता आणि आम्ही पाहत होतो ते फक्त पाणी, वाळू आणि गोटे. त्याच्या आवाजात कढ नव्हता. कोठे चूक होऊ नये एवढीच काळजी होती. मध्येच तो थांबे, मागे जाई, पावले मोजे आणि पुन्हा सांगे.

आणि ऐकता ऐकता आम्हांला कळले की हे गद्य आपण ओळखतो.

चक्रधरांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांना त्यांचा वावर झालेल्या जागा जपायच्या होत्या. महानुभाव पंथात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार गोष्टींना स्मरणाची साधने मानतात. त्यांत स्थान पहिले. त्या स्थानांची नोंद ठेवण्यासाठी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली; परंपरेने तिचे श्रेय मुनिव्यास कोठी यांना देतात. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे तोंड कोणीकडे, पौळी कशी, दारवंठा कोठे, कोणत्या कोपऱ्यात आसन झाले, कोठे परिश्रय झाला. सगळे काही दिशांनी आणि अंतरांनी सांगितलेले. सुंदर, रम्य, पवित्र असली विशेषणे शोधूनही फारशी सापडत नाहीत. वर्गात आम्ही तिच्याविषयी काय सांगत आलो? प्राचीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे आणि स्थापत्याचे साधन म्हणून मोल मोठे, वाङ्मयीन गुण बेताचे, शैली रूक्ष. मुलेही तसेच लिहीत आणि आम्ही गुण देत असू.

विहिरीपाशी उभे राहून ती पोथी आम्हांला प्रथमच ऐकू आली. ज्याचे माणूस गेले आहे तो विशेषणे वापरीत बसत नाही. माणूस जेथे बसत होते तो कोपरा आग्नेयेचा की ईशान्येचा, एवढेच त्याला नक्की हवे असते, कारण तो कोपरा चुकला तर उरलेले तेवढेही हातचे जाते. विशेषण पाहणाऱ्याच्या मनाची खबर देते. दिशा आणि पावले मात्र दुसऱ्याला त्या जागी नेऊन उभे करतात. पोथी लिहिणाऱ्यांना आपल्या भावना सांगायच्या नव्हत्या. शंभर वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाला अचूक जागी माथा टेकता यावा, एवढे पाहायचे होते. अठरा वर्षांच्या एका मुलाने तेच केले होते. त्याला स्थानपोथी ठाऊकही नव्हती, कारण ती तिसऱ्या वर्षाला होती आणि तो तिसऱ्या वर्षापर्यंत आलाच नाही.

सातच गुण दिल्यामुळे त्याने महाविद्यालय सोडले असे आम्हांला म्हणायचे नाही. तसे समजणे म्हणजे स्वतःला फाजील महत्त्व देणे होईल. आम्ही विचारले तेव्हा त्याने साधी कारणे सांगितली : आबांचे गुडघे, बहिणीचे लग्न, एस.टी.चा पास. मात्र जेवताना एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. घरी त्याच्या आईने कळण्याची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी केली होती. आम्ही पाटावर बसलो आणि ती माउली उंबऱ्यात बसून ‘बाई, अजून घ्या’ म्हणत राहिली. तेव्हा तो सहज म्हणाला, ‘त्या निबंधाचं कच्चं पान माझ्यापाशी होतं, सर. खरडून गेलेल्या जमिनीचा अर्ज कराया लागला, तवा त्याच्यावरूनच लिहिला. दिशा, झाडं, पावलं, समदं तसंच.’

‘मग?’

‘पंचनाम्याला आले ते वाचून म्हणाले, अर्ज कसा पाहिजे तर असा पाहिजे.’ आणि मग जरा थांबून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडे पाहत, ‘पैसे कमीच आले. पण अर्ज वापस नाही आला.’

आम्ही दोघे हसलो, तोही हसला. आबा कोपऱ्यात पडून होते. त्यांनी विचारले, काय झाले? त्याने त्यांना मोठ्याने सांगितले की हे माझे सर, ह्या मॅडम, माझी जुनी वही घेऊन आलेत. आबांनी वही मागून घेतली. वाचता येत नसावे, पण त्यांनी ती उघडून पानांवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाले, ‘हिरीचं काय लिव्हलं?’

‘पश्चिमेला, असं लिव्हलं.’

‘पश्चिमेला नोहे. नैऋत्येला. तवाच सांगतलं होतं तुले.’

‘हो, पण तवा वही देऊन टाकेल होती,’ तो म्हणाला. आणि आमच्याकडे वळून, जरा शरमून, ‘एवढी चूक हाये त्यात, सर. आबाचं बरोबर हाये. नैऋत्येलाच होती. म्हणून तर नदीच्या तोंडी आधी ती आली.’

त्या निबंधात चूक होती, आणि ती आम्हांला सापडली नव्हती. सापडणार कशी? आम्ही व्याकरण पाहत होतो.

निघताना त्याने गाडीत तुरीच्या हिरव्या शेंगा ठेवता आल्या नाहीत म्हणून हळहळ केली. अजून त्यांना वेळ होता. ‘पौषात या,’ म्हणाला. वही त्याला परत द्यावी असे आमच्या मनात होते. त्याने घेतली नाही. ‘इथं काय करू? राहू द्या तुमच्यापाशी. इथलं तर म्या रोजच पाहातो.’

पेनटाकळीचे धरण डावी-उजवी न करता नुसते पुलावरून पाहिले, कारण सूर्य कलला होता. धरणाच्या पाण्यावर तांबूस उजेड पसरला होता आणि किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या उलथ्या घालून ठेवल्या होत्या. मेहकरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. येथल्याच मातीतून १८८८ साली शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. याच गावी वकिली करून ना. घ. देशपांडे कविता लिहीत राहिले. १९५४ साली ‘शीळ’ आली आणि १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खूणगाठ हा शब्द आम्ही आजवर वाक्प्रचार म्हणूनच शिकवला होता. जागा किंवा गोष्ट विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठ, हा त्याचा मूळ अर्थ त्या संध्याकाळी घाटावर बसून एकमेकांना पुन्हा सांगितला. अंधारात नदी दिसत नव्हती. नुसती ऐकू येत होती. सकाळी मढच्या खडकांतून पातळ धारेने निघालेले पाणी हेच का, असा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला. ते पाणी इथवर पोहोचायला अजून काही दिवस लागतील, असे दुसरीने उत्तर दिले. मध्ये दोन धरणे आहेत.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. शेतांतून हडंब्यांचे आवाज अजून येत होते. दिव्यांच्या उजेडात मळणी चालू होती. पावसाचा भरवसा नव्हता, म्हणून रात्रपाळी.

घरी आल्यावर वही टेबलावर ठेवली. गुण बदलावेत असे प्रथम वाटले, पण तो अधिकार आता आम्हांला नाही. आणि बदलून त्या सातांचे काही होणारही नव्हते. शेरा खोडावा म्हटले, तर तोही आमच्या मराठीच्या इतिहासाचा भाग आहे, असू दे. ‘धुरा’ आणि ‘तास’ यांच्याखालच्या लाल रेघा मात्र रबराने पुसून पाहिल्या. शाई निघाली नाही, कागद तेवढा खरवडला गेला. मग शिसपेन्सिल घेतली. चौथ्या ओळीत ‘पश्चिमेला’ हा शब्द होता, त्याच्यावर बारीक अक्षरात ‘नैऋत्येला’ असे लिहिले, आणि समासात, आबांनी सांगितल्यावरून, म्हणून तारीख घातली.

या वर्षी प्रथम वर्षाला निबंधाचा विषय देणे अजून बाकी आहे. असो.